बुडालेले तास कागदावर आणा : शिक्षकांच्या कामाबद्दल वाचकांचे प्रश्न

नाशिक जिल्ह्यातून आलेल्या पत्रांचा गठ्ठा या वेळी मोठा आहे. सुरगाण्याच्या डोंगरातली शाळा असो की निफाडच्या द्राक्षपट्ट्यातली, तक्रार एकच: शिकवायला वेळ उरत नाही. त्यांतले सात प्रश्न इथे घेतले आहेत. पत्रलेखकांची नावं आणि शाळा मुद्दाम दिलेल्या नाहीत.

शाळा पहिली ते चौथी, पट ४७, शिक्षक दोन. सहकारी सरांकडे बीएलओचं (मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याचं, म्हणजे मतदार यादीचं) काम आहे. यादीचं काम निघालं की 'तातडीचं आहे' असा निरोप ग्रुपवर येतो आणि ते शाळेच्या वेळेतच बाहेर पडतात. हे काम नाकारता येतं का?
– शिक्षिका, जिल्ह्याचा पश्चिम पट्टा

काम नाकारता येत नाही. ते शाळेच्या वेळेत करायला लावणं मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशाला धरून नाही. हे दोन मुद्दे वेगळे ठेवा. बहुतेक अर्ज फसतात ते इथेच गल्लत झाल्यामुळे.

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २७ ने शिक्षकांना अशैक्षणिक कामातून वगळलं आहे, पण तीन अपवाद ठेवले आहेत: दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण, आणि स्थानिक संस्था, विधिमंडळ व संसद यांच्या निवडणुकांशी संबंधित काम. मतदार यादी या तिसऱ्या अपवादात धरली जाते. बीएलओची नेमणूक लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० खाली होते आणि यादीच्या कामात कसूर केल्यास त्याच कायद्याच्या कलम ३२ मध्ये शिक्षा आहे. म्हणून 'मी जाणार नाही' असं कुणीही लिहून देऊ नका.

आता वेळेचा मुद्दा. निवडणूक आयोग विरुद्ध सेंट मेरीज स्कूल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००७ मध्ये सांगितलं की शिक्षकांना यादीचं आणि निवडणुकीचं काम सुट्टीच्या व अध्यापन नसलेल्या दिवशी द्यावं. अध्यापनाच्या दिवशी, शाळेच्या वेळेत सर्वसाधारणपणे देऊ नये. अर्जाचा आधार हा ठेवा. राज्य शासनाच्या ऑगस्ट २०२४ च्या निर्णयाने शिक्षकांच्या कामांची शैक्षणिक, अशैक्षणिक आणि अनिवार्य अशी विभागणी केली आहे. त्याची प्रतही सोबत जोडा.

अर्ज मतदार नोंदणी अधिकाऱ्यांच्या नावे, मुख्याध्यापकांमार्फत, आणि प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना. 'कामाचा ताण आहे' हे वाक्य त्यात नको. ताण सगळ्यांनाच असतो आणि ते वाक्य वाचणाऱ्या साहेबांनाही असतो. आकडे लिहा. पहिली ते पाचवीसाठी कायद्याने वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास ठरवले आहेत, म्हणजे दिवसाला ४ तास. त्या हिशेबाने मजकूर असा होईल:

'शाळेचा पट ४७, वर्ग ४, कार्यरत शिक्षक २. दि. … ते दि. … या काळात श्री. … हे १८ शालेय दिवस मतदार यादीच्या कामावर होते. त्यामुळे इयत्ता तिसरी व चौथीचे प्रत्येकी ७२ अध्यापन तास, म्हणजे वार्षिक किमान तासांच्या ९ टक्के, वर्गशिक्षकाविना गेले. पुढील काम शाळा सुटल्यानंतर, शनिवारी दुपारी व रविवारी करण्याची परवानगी मिळावी, अथवा पर्यायी कर्मचारी द्यावा.'

हा मजकूर बाजूला सारणं अवघड जातं, कारण त्यात शिक्षकाची गाऱ्हाणी नाहीत, मुलांचे तास आहेत.

चूक होते ती बहुधा हजेरीपटावर. सकाळी सही करायची आणि दहाला यादी घेऊन वस्तीवर जायचं. कागदोपत्री शिक्षक दिवसभर शाळेत हजर, मग बुडालेला तास दाखवणार कुठून? बाहेर जाताना हजेरीपटावर 'कर्तव्यार्थ बाहेर', आदेशाचा जावक क्रमांक आणि निघाल्याची वेळ, एवढं लिहाच. आदेश नुसता ग्रुपवर असेल तर तिथेच नम्रपणे उत्तर टाका: 'लेखी आदेश मिळावा, हजेरीपटावर नोंद घ्यायची आहे.' वाटेत अपघात झाला तर माणूस कामावर होता हे सिद्ध करणारा कागद तोच असतो. आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका.

पर्यायी कर्मचारी मागताना हे लक्षात ठेवा की आयोगाच्या यादीत बीएलओ म्हणून तलाठी, ग्रामसेवक, अंगणवाडी सेविका, पोस्टमन, वीजमीटर वाचणारे, शहरात पालिकेचे करवसुली कर्मचारी असे बरेच जण बसतात. अंगणवाडी सेविकेचं नाव सुचवण्याआधी मात्र थांबा. तिच्या डोक्यावरची घागर आधीच काठोकाठ भरलेली आहे. ४ डिसेंबर २०२५ रोजी, यादीच्या विशेष सखोल पुनरीक्षणाच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना जादा कर्मचारी देऊन बीएलओंवरचा भार कमी करायला आणि वैयक्तिक अडचण असेल तर प्रत्येकाचा अर्ज स्वतंत्रपणे तपासायला सांगितलं. सरांना आजारपण किंवा तशी अडचण असेल तर त्याचा उल्लेख वेगळ्या अर्जात करा.

तेच सर नसतात त्या दिवशी चारही वर्ग मी एका खोलीत बसवते. पहिलीचा गोंधळ आवरेपर्यंत चौथीचं गणित राहून जातं. दिवस कसा लावावा?
– त्याच शिक्षिका

चार वर्गांना चार विषय शिकवायला जाऊ नका. विषय सगळ्यांचा एक, काम वेगळं. पहिली-दुसरीचा एक गट, तिसरी-चौथीचा दुसरा.

४० मिनिटांचा तास धरा. पहिली ५ मिनिटं सगळ्यांना मिळून तोंडी प्रश्न किंवा गोष्ट. पुढची १५ मिनिटं धाकट्यांजवळ बसायचं, त्या वेळात मोठे फळ्यावरचं लेखी काम करतात. मग अदलाबदल. शेवटची ५ मिनिटं पाहणीला. धाकटे आधी घ्यायचे, कारण पहिलीच्या मुलाला फळ्यावरची सूचना वाचता येत नाही. त्याला काम हातात दिलं नाही तर ते खोली डोक्यावर घेणारच. मोठ्यांचं काम परिपाठाच्या आधी फळ्यावर लिहून ठेवा. मुलं बसल्यावर लिहायला घेतलं की १० मिनिटं तिथेच जातात.

वजाबाकीचा तास घेऊ. पहिलीला ९ चिंचोके देऊन त्यातले ४ काढायला सांगा. दुसरीला काड्यांच्या जुड्या द्या आणि ४२ मधून १७ काढायला लावा; जुडी सोडल्याशिवाय उत्तर येत नाही हे हातांना कळतं. तिसरीला ३०५ वजा १२८. इथे मुलं शून्यावर अडतात. दशकाच्या घरात मोडायला काही नाही म्हटल्यावर ती सरळ ८ मधून ५ वजा करतात, २ मधून ० वजा करतात आणि २२३ लिहून मोकळी होतात. वहीत २२३ दिसलं की कुठे चुकलं ते विचारायची गरज नाही. शतकाची एक जुडी सोडून १० दशक करून दाखवा, १७७ येईल. चौथीला किराणाच्या बिलाचं शाब्दिक उदाहरण.

एक पथ्य पाळा: स्वतः करायला दिलेलं काम कालच शिकवलेलं असावं. नवा घटक स्वाध्याय म्हणून दिला की दर दोन मिनिटांनी 'बाई, हे कसं करू?' सुरू होतं आणि धाकट्यांचा गट मोडतो. अशा दिवशी टाचणात (रोजच्या पाठाच्या नोंदीत) 'चारही वर्ग एकत्र, एक शिक्षक' अशी ओळ लिहायला विसरू नका. वरच्या अर्जातला आकडा याच ओळी मोजून काढायचा आहे.

पहिली ते पाचवी, पट ६२, शिक्षक तीन. तीन मुलांचं आधार जुळत नाही म्हणून ५९ च धरले जातील आणि एक शिक्षक अतिरिक्त ठरेल असं सांगतात. काय करावं?
– मुख्याध्यापक, निफाड तालुका

भीती खरी आहे. कायद्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीला ६० पर्यंत दोन शिक्षक आणि ६१ ते ९० ला तीन. संचमान्यता (शाळेला किती शिक्षक मिळणार याची मंजुरी) ३० सप्टेंबरच्या पटावर आणि आधार वैध ठरलेल्या मुलांवर होते. म्हणून हे काम ऑगस्टमध्येच उरका. सप्टेंबरच्या शेवटी पोर्टलही चालत नाही आणि आधार केंद्रापुढे रांगही हटत नाही.

आधी कारण शोधा. पडताळणीत नाव, लिंग आणि जन्मतारीख ताडली जाते. यू-डायस प्लस या शाळांच्या माहितीच्या पोर्टलवर 'आधारप्रमाणे नाव' असा वेगळा रकाना आहे. त्यात जनरल रजिस्टरचं (शाळेच्या प्रवेश नोंदवहीतलं) नाव भरलं की जुळणी फसते, कारण रजिस्टरमध्ये आडनाव आधी आणि आधारवर बहुधा शेवटी असतं. या रकान्यात कार्डावर जसं आहे तसंच, इंग्रजी स्पेलिंगमधला एखादा 'ए' कमी असेल तर तो कमी ठेवूनच, उतरवा. निम्मी प्रकरणं एवढ्यानेच सुटावीत.

जन्मतारीख १ जानेवारी दिसत असेल तर आधार काढताना केवळ वर्ष सांगितलं होतं असं समजा. तिथे आधार दुरुस्त करायचं, जन्मदाखला लावून. जनरल रजिस्टरमध्ये परस्पर खाडाखोड करू नका. त्या नोंदीला शिक्षण विभागाची परवानगी लागते आणि पुढे दाखल्यावर तीच नोंद उतरते. पाच वर्षांच्या आत काढलेलं बाल आधार असेल तर पाचव्या वर्षी बोटांचे ठसे द्यावे लागतात. ५ ते ७ वयात हे मोफत आहे. ७ ते १५ वयासाठीही १ ऑक्टोबर २०२५ पासून वर्षभर शुल्क माफ केलेलं आहे. पालकांना पैसे मोजायला लावू नका.

एवढं करूनही एखादं मूल राहिलं तर त्याचं नाव, कारण आणि आधार नोंदणीच्या पावतीची प्रत लावून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे ३० सप्टेंबरच्या आत पत्र द्या. तोंडी सांगितलेलं संचमान्यतेच्या वेळी कुणाच्या लक्षात राहत नाही. आणि आधार नाही म्हणून मुलाला दारातून परत पाठवू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानंतर प्रवेशासाठी आधारची सक्ती करता येत नाही.

निफाड, दिंडोरीच्या शाळांचं एक दुखणं या चौकटीत बसतच नाही. द्राक्षबागांच्या कामाला पेठ-सुरगाण्याकडची कुटुंबं दिवाळीच्या पुढे-मागे येतात. ३० सप्टेंबरला त्यांची मुलं गावाकडच्या पटावर, आणि जानेवारीत बाकांवर तुमच्याकडे. शिक्षक मात्र सप्टेंबरच्या पटाचे. निदान मूल आल्या दिवशी त्याचा पेन क्रमांक (मुलाचा कायम शिक्षण क्रमांक) मागा आणि आधीच्या शाळेला मूल पोर्टलवरून सोडायला सांगा. तिथून सोडलं नाही तर ते तुमच्या नोंदीत येत नाही. मार्चमध्ये या मुलांची महिनावार यादी करून केंद्रप्रमुखांकडे द्या. एका तारखेला डोकी मोजण्याची पद्धत या पट्ट्यावर अन्याय करते असं आमचं स्पष्ट मत आहे, आणि ते मांडायला अशा याद्याच लागतील.

पोषण आहारात शिक्षकाने नेमकं किती लक्ष घालायचं? माझा रोजचा तास त्यात जातो.
– शिक्षक, सिन्नर तालुका

चव घेणं, हजर मुलांची संख्या त्याच दिवशी भरणं आणि साठा नोंदवही जुळवणं, एवढंच. शिजवणं, वाढणं, भांडी हे स्वयंपाकी-मदतनिसांचं. २५ मुलांपर्यंत एक, २६ ते १०० ला दोन मदतनीस मिळतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही या कामाला शिक्षकाचा कमीत कमी वेळ जावा असंच म्हटलं आहे.

वेळ जातो तो रोज नव्याने हिशेब मांडण्यात. प्राथमिकला माणशी तांदूळ १०० ग्रॅम, डाळ २० ग्रॅम, भाजी ५० ग्रॅम, तेल ५ ग्रॅम. ३४ मुलं असतील तर ३ किलो ४०० ग्रॅम तांदूळ, ६८० ग्रॅम डाळ, १ किलो ७०० ग्रॅम भाजी, १७० ग्रॅम तेल. पटापर्यंतच्या प्रत्येक संख्येचा असा तक्ता एकदा करून कोठीच्या दारावर चिकटवा. सहावी ते आठवीचा वेगळा करा, तिथे तांदूळ १५०, डाळ ३०, भाजी ७५ आणि तेल साडेसात ग्रॅम. साठा कमी भरतो तो बहुधा पोती न मोजता उतरवून घेतल्याने. गाडी उभी असतानाच वजन करा आणि पावतीवर प्रत्यक्ष वजन लिहा.

२०२७ मध्ये जनगणना आणि सिंहस्थ दोन्ही आहेत. दोन्ही कामं आमच्यावर येतील का? आणि सुट्टीत काम केलं तर रजा मिळते का?
– शिक्षक, नाशिक तालुका

जनगणना कलम २७ च्या अपवादात आहे, ती करावी लागेल. घरयादीचा टप्पा एप्रिल ते सप्टेंबर २०२६ मधल्या, राज्याने ठरवलेल्या ३० दिवसांचा आणि प्रत्यक्ष मोजणी फेब्रुवारी २०२७ ची. फेब्रुवारी हा वर्षअखेरच्या मूल्यमापनाच्या तोंडावरचा महिना. त्यामुळे तिसरी-चौथीचे अवघड घटक जानेवारीअखेर संपतील असं वार्षिक नियोजन जूनमध्येच करा.

सिंहस्थाची गोष्ट वेगळी. ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला, आणि स्नानाच्या मुख्य पर्वण्या २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि ११ सप्टेंबर २०२७ ला, त्र्यंबकेश्वरी शेवटची १२ सप्टेंबरला. कलम २७ मध्ये यात्रा-मेळ्याचा उल्लेख नाही. गर्दीचं नियोजन म्हणजे आपत्ती निवारण, असा अर्थ लावून आदेश निघाला तर तो ओढून-ताणून लावलेला अर्थ आहे असं आम्ही मानतो. आपत्ती ओढवली तर मदतीला धावायचं, त्यात दुमत नाही. पण वाहनतळावर पावत्या फाडायला वर्ग रिकामा ठेवायला नको. असा आदेश आलाच तर तो कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली आहे, हे लेखी विचारा. पर्वणीच्या काळात शहरातले रस्ते बंद राहणार हे गृहीत धरून, बुडणारे दिवस शनिवारी पूर्ण वेळ शाळा भरवून कसे भरायचे ते शाळा व्यवस्थापन समितीत आधी ठरवा. पाचवीपर्यंत २०० आणि सहावी ते आठवीला २२० दिवस भरायलाच हवेत.

रजेबद्दल: जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला सुट्टीत कामावर बोलावलं तर तेवढ्या प्रमाणात अर्जित रजा जमा होते. न मिळालेली सुट्टी भागिले पूर्ण सुट्टी, गुणिले ३०. सुट्टी ४० दिवसांची आणि त्यातले १२ दिवस कामात गेले तर ९ दिवस. यासाठी तीन कागद हवेत: नेमणुकीचा आदेश, तारखांसह उपस्थिती प्रमाणपत्र आणि कार्यमुक्तीचं पत्र. दुसरा कागद काम संपल्या दिवशीच घ्या. वर्षभराने गेलात तर तिथला अधिकारी बदललेला असतो. शाळा उघडल्या महिन्यातच सेवापुस्तकात नोंद करून घ्या.

वय ४६, सेवा २० वर्षं. टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) खरंच द्यावी लागणार?
– शिक्षिका, नांदगाव तालुका

हो. १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ असणाऱ्यांना दोन वर्षांत उत्तीर्ण व्हायचं आहे. तुम्हाला १२ वर्षं आहेत. पाचाहून कमी राहिलेल्यांना सूट आहे, पण पदोन्नती हवी असेल तर त्यांनाही परीक्षा आहेच. वीस वर्षं वर्गात घालवलेल्या बाईंना पुन्हा परीक्षेला बसवणं जिवाला लागतं, हे आम्हाला कळतं. तरी निर्णय बदलेल या आशेवर संधी घालवू नका.

पहिली ते पाचवीसाठी पेपर एक: १५० प्रश्न, १५० गुण, अडीच तास. बालमानसशास्त्र, पहिली भाषा, दुसरी भाषा, गणित आणि परिसर अभ्यास, प्रत्येकी ३०. खुल्या गटाला ९० गुण लागतात, राखीव गटांना ५५ टक्के. चुकीला गुण वजा होत नाहीत, म्हणून एकही प्रश्न सोडू नका. गणित आणि परिसर तुम्ही रोज शिकवता. अनुभवी शिक्षकांचे गुण जातात ते बालमानसशास्त्रात, कारण वर्गात जे सहज करतो त्याची पुस्तकी नावं सवयीची नसतात. अभ्यासाचा निम्मा वेळ तिथे द्या. आणि एका प्रश्नाला एकच मिनिट मिळतं, तेव्हा दर रविवारी घड्याळ लावून एक पूर्ण पेपर सोडवा.

मी पालक आहे, शाळा व्यवस्थापन समितीत आहे. बाई सतत कामासाठी बाहेर असतात. आम्ही बाईंविरुद्ध तक्रार करावी का?
– पालक, नाशिक रोड

बाईंविरुद्ध नको, बुडालेल्या तासांबद्दल करा. समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात ते यासाठीच. शाळेच्या कामकाजावर लक्ष ठेवणं हे तिचं कायद्यातलं काम आहे. केंद्राच्या आदर्श नियमांत तर शिक्षकांवर कलम २७ बाहेरची कामं लादली जात नाहीत ना, हे पाहण्याची जबाबदारीही समितीवर टाकली आहे.

पुढच्या सभेत हजेरीपटावरच्या 'कर्तव्यार्थ बाहेर' या नोंदी मुख्याध्यापकांकडून मागून घ्या. महिना, दिवस, काम आणि आदेश क्रमांक अशा चार रकान्यांत उतरवा. आदेश क्रमांकाचा रकाना रिकामा दिसेल ते दिवस वेगळे काढा; तुमचा मुद्दा तिथून सुरू होतो. मग ठराव करा: 'या सत्रात इतके दिवस व इतके अध्यापन तास वर्ग शिक्षकाविना होता, पैकी इतक्या दिवसांचा लेखी आदेश नाही.' ठराव महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे द्या, ग्रामीण भागात गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे. सोबत शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खाली तक्रार म्हणून वेगळा अर्ज लावा. त्या कलमाखाली स्थानिक प्राधिकरणाने तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो, आणि तो पटला नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं. अर्जावर मुलांच्या इयत्ता लिहा, बाईंचं नाव लिहू नका. पोचेवर तारखेचा शिक्का नीट उमटला आहे ना ते तिथेच पाहा. तीन महिने त्या तारखेपासून मोजायचे आहेत.